टाच, खडा आणि तांबं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींची पहिली झुंज हाडांशी किंवा रक्ताशी नसते, शब्दांशी असते. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी वर्गात बसते, समोर शरीररचनेचं इंग्रजी पुस्तक उघडं असतं, आणि ती ऐकलेला प्रत्येक शब्द देवनागरीत टिपून घेते. अशा मुलींना शब्द उलगडून दाखवणं हे माझं काम. त्यांच्या वह्या मी आवडीनं वाचते. कुठे अडलंय ते वहीतच दिसतं.

एका पानावर एकाखाली एक असे शब्द सापडतात: कॅल्शियम, कॅल्केनियस, कॅल्क्युलस, कॅलिक्स, कॅलरी, कॅलामाइन. पुढे बहुतेक सगळ्यांसमोर एकच अर्थ असतो: 'कॅल्शियमचं काहीतरी'. या अंदाजाला मी चूक म्हणत नाही. आरंभ सारखा म्हणजे घराणं एक, हा तर्क हुशार मुलीचा आहे. पण आपली लिपी उच्चार जपते, आणि इथे त्यानंच घात होतो. रोमन लिपीत अशा आरंभाचे काही शब्द नुसत्या 'सी'नं सुरू होतात, पुढे येणारे काही 'सी-एच'नं, कुणाच्या पोटात 'वाय' असतो. त्यावरून कुळं वेगळी असल्याची शंका तरी येते. देवनागरीत सगळे 'कॅल'च्या एकाच दारातून आत येतात.

मी शब्दकोशापासून सुरुवात करत नाही. आधी टेबलावर वस्तू मांडते: चुनकळीचं ढेकूळ, सांगाड्याचं पाऊल, नाव झाकलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट, तांब्याची तार, देठासकट जास्वंद.

पहिला मान चुनकळीचा. मुलींना लांब उभं करायचं, डोळ्यांवर चश्मा चढवायचा, लोखंडी घमेल्यात ढेकूळ ठेवायचं आणि त्यावर थोडं थोडं पाणी सोडायचं. सुरुवातीला काही होत नाही. ढेकूळ नुसतं पाणी पीत राहतं. मग आतून तडकल्याचा आवाज येतो, भेगा पडतात, वाफ उसळते, घमेल्याची कड हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि दगडासारखं दिसणारं ढेकूळ फुलून त्याची पांढरी फक्की होते. गावाकडे चुना विरताना पाहिलेली एखादी मुलगी असतेच. ती इतरांना मागे सरकायला सांगते. डोळ्यात उडालेला चुना काय करतो हे तिला ठाऊक असतं.

एवढं पाहिल्यावर रसायन सांगायला फार शब्द लागत नाहीत. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांच्या पुढे तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो वायू जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. रोमन लोक या चुन्याला 'काल्क्स' म्हणत. चुनखडीलाही तेच नाव होतं, आणि सोंगटीसारख्या लहान खड्यालाही. पुढे युरोपातल्या किमयागारांनी धातू भाजून उरलेल्या भुकटीलाही काल्क्स म्हटलं. आपल्याकडचे वैद्य जिला भस्म म्हणतात, ती ही. भाजण्याच्या क्रियेला 'कॅल्सिनेशन' हे नाव तिथूनच मिळालं.

1789मध्ये लव्हॉयझिएनं मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा चुना त्यातच होता, कारण तो फोडण्याचा मार्ग कुणाकडे नव्हता. चुन्यासारख्या मातीत एखादा धातू दडलेला असावा, असा त्याला संशय मात्र होता. 1808मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीनं चुना आणि पाऱ्याचा ऑक्साइड यांच्या मिश्रणातून वीज सोडली, तयार झालेल्या पारदमिश्रणातला पारा उडवून लावला, आणि मागे राहिलेल्या धातूला काल्क्सवरून कॅल्शियम हे नाव दिलं. ही गोष्ट ऐकली की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे मॅडम, चुना आधी आणि कॅल्शियम नंतर?" हो. माणूस हजारो वर्षं चुना भाजत होता, धातूचं बारसं परवाचं आहे. हा क्रम कळला की मुलींच्या मनातली कॅल्शियमची पांढरी गोळी मागे सरते आणि दगड पुढे येतो.

आता या कुळातले शब्द सोपे जातात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाच्या पुडीवर 'कोलेकॅल्सिफेरॉल' असं लांबलचक नाव छापलेलं असतं. मी पुडी हातात देते आणि शब्दाला कुठे कुठे सांधे आहेत ते शोधायला सांगते. 'कॅल्सि' लगेच सापडतो. 'फेर' म्हणजे वाहून आणणारा. शेवटचा 'ऑल' रसायनाची जात सांगतो, अल्कोहोलच्या गटातली. सुरुवातीच्या 'कोले'चा चुन्याशी संबंध नाही, तो ग्रीक पित्तावरून आला आहे. कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं ते पित्तखड्यांत, म्हणून त्याच्या नावात पित्त आहे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जवळच्याच एका द्रव्यावर ऊन पडून हे जीवनसत्त्व तयार होतं, म्हणून त्याच्याही नावात ते उतरलं. सगळी जीवनकथाच नावात लिहिलेली आहे.

'हायपोकॅल्सेमिया'ही असाच: खाली, चुना, रक्त. रक्तातलं कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं लागतं. ते फार उतरलं की स्नायू आपोआप आखडतात. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधून फुगवून ठेवला की अशा रुग्णाच्या हाताची बोटं आत ओढली जातात. हा शब्द ज्या मुलीनं पाठ केलाय, ती परीक्षेत उत्तर लिहिते. जिनं तो फोडून पाहिलाय, ती वॉर्डात ओढली जाणारी बोटं पाहून डॉक्टरांना हाक मारते. हा फरक मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

'डीकॅल्सिफिकेशन'साठी कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं. व्हिनेगर अधूनमधून बदलायचं. काही दिवसांनी ते हाड बोटांत धरून वाकवता येतं. आकार तोच, लांबी तीच, ताठपणा गेलेला. आम्ल चुना विरघळवून घेऊन गेलं आणि प्रथिनांची वीण तेवढी उरली. प्रयोगशाळेत हाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असला तरी आधी हेच करावं लागतं, नाहीतर पातळ काप निघत नाहीत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं 99 टक्के हाडादातांत. वाकणारं हाड हातात घेतल्यावर हा आकडा मुली विसरत नाहीत.

इथवर सगळं सरळ चालतं. मग मी सांगाड्याचं पाऊल पुढे ओढते.

पावलाच्या मागच्या भागातल्या सात हाडांपैकी सगळ्यात मोठं, ज्यावर आपण दणकन उभे राहतो, ते टाचेचं हाड: कॅल्केनियस. वहीत याच्यापुढे 'भरपूर कॅल्शियम असलेलं हाड' असं लिहिलेलं मला अनेकदा सापडलं आहे. लॅटिनमध्ये काल्क्स नावाचा दुसरा एक शब्द आहे, अगदी त्याच अक्षरांचा, आणि त्याचा अर्थ टाच. चुन्याच्या काल्क्सशी त्याचं नातं नाही. मराठीत पोटातली कळ वेगळी आणि यंत्राची कळ वेगळी, तसं. टाचेवरून रोमन घोडेस्वाराच्या टाचेला लावलेल्या आरीला 'कॅल्कार' नाव पडलं, आणि त्यावरून मेंदूच्या मागच्या भागातली, दृष्टीशी निगडित असलेली एक घडी 'कॅल्करीन' झाली. दाद न देणाऱ्या आजाराला डॉक्टर 'रिकॅल्सिट्रंट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ लाथा झाडणारा. तीही टाचच.

हा भेद शिकवताना मी फार आग्रही असते, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतात. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'कॅल्केनियल स्पर' असं येतं, म्हणजे टाचेच्या हाडाला आलेलं टोक. घरी जाईपर्यंत त्याचं 'टाचेत कॅल्शियम वाढलंय' झालेलं असतं. टोक हाडाचंच असल्यामुळे त्यात कॅल्शियम असणारच, पण ते दूध जास्त प्यायल्यानं उगवलेलं नसतं. तळव्याच्या जाड पट्ट्यावर वर्षानुवर्षं पडणाऱ्या ताणाशी त्याचा संबंध असतो. तरीही पन्नाशीतल्या, आधीच हाडं झिजू लागलेल्या कितीतरी बायका त्या एका समजुतीपायी दूध आणि गोळ्या दोन्ही बंद करतात. मला हे फार लागतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तर दोन कुळं शेजारी बसलेली असतात: 'कॅल्क्युलस इन लोअर कॅलिक्स'. कॅल्क्युलस म्हणजे लहानसा काल्क्स, बारका खडा. रोमन लोक मोजदाद खड्यांनी करत, म्हणून हिशेबाच्या शब्दांतही तो शिरला आणि गणिताच्या एका शाखेचं नाव झाला. त्या शाखेला आपण कलन म्हणतो, पण ते 'मोजणे' या अर्थाच्या संस्कृत 'कल्' धातूवरून आलं. संकलन, व्यवकलन त्याच घरातले. आवाज जुळला, एवढंच. कॅलिक्सची पाळी आली की जास्वंद हातात घ्यायची. पाकळ्यांच्या बुडाशी हिरवा पेला असतो, कळी झाकणारा. त्याच्याही बाहेर जास्वंदीला बारीक हिरव्या पात्यांचा आणखी एक घेर असतो. तो हिरवा पेला म्हणजे कॅलिक्स, ग्रीक शब्द, आवरण या अर्थाचा. मूत्रपिंडात लघवी झेलणाऱ्या पेल्यांना तेच नाव दिलं गेलं. तेव्हा रिपोर्ट एवढंच म्हणतो की खालच्या पेल्यात एक खडा आहे. खडा कशाचा, हे तो सांगत नाही.

कॅलरीचं मूळ उष्णतेत आहे. गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये जस्त असतं, आणि त्याचं नाव 'कॅडमिया' या जस्ताच्या खनिजाच्या जुन्या नावावरून बिघडत आलं. हे दोन शब्द मी झटकन संपवते, कारण पुढची गोष्ट मला मनापासून सांगायची असते.

तांब्याला ग्रीक भाषेत 'खाल्कोस' म्हणतात. त्यावरून 'कॅल्कोपायराइट' हे तांब्याचं खनिज आणि 'कॅल्कोलिथिक' म्हणजे ताम्रपाषाणयुग. एकदा शिरूरकडच्या मुलीनं विचारलं, "आमच्या इनामगावचं ते कॅल्को, त्यात कॅल्शियम नाही ना?" घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांचं ते मोठं काम. इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उघडी झाली. तांबं दुर्मीळ, म्हणून रोजच्या कापाकापीला दगडाची पाती. ती पाती कॅल्सेडोनीची, आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारेची. बॉस्फरसच्या काठच्या काल्सेडॉन या जुन्या शहरावरून या दगडाचं नाव पडलं असं मानतात. आणि त्याच वस्तीत कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना भाजणाराही राहत होता. तांब्याचं कॅल्को, गारेचं कॅल्से आणि चुन्याचं कॅल्क, वेगळ्या मुळांचे तीन शब्द एकाच गावच्या मातीत भेटतात. त्या मुलीला मी म्हटलं, "तुझ्या गावच्या कॅल्कोत कॅल्शियम नाही, पण तुझ्या गावात आहे." ती सुट्टीत जाऊन ती पांढरीची टेकाडं बघून आली.

अशा तासांना वेळ लागतो, आणि अभ्यासक्रमात त्यासाठी वेगळी जागा नसते. तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. नवा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहाल तेव्हा शेजारी त्याचं रोमन रूप लिहा, मूळ सांगा, आणि जमेल तेव्हा ती वस्तू हातात द्या.

आणि ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलेला आहे त्यांना थोडं सांगायचं आहे. कॅल्क्युलस म्हणजे कॅल्शियम नव्हे. पित्ताशयातल्या खड्यालाही कॅल्क्युलसच म्हणतात आणि तो बहुधा कोलेस्टेरॉलचा असतो. मुतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण काही युरिक आम्लाचेही असतात, काही जंतुसंसर्गातून झालेले असतात. आणि ऑक्झलेटचा खडा असला तरी जेवणातलं कॅल्शियम तोडून उपयोग होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. आतड्यात कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि ते रक्तात जाण्याआधीच बाहेर टाकलं जातं. म्हणून रिपोर्टवर 'कॅल' दिसलं की स्वतःच्या मनानं दूध बंद करू नका. पाणी भरपूर प्या, आणि डॉक्टरांना आधी विचारा, खडा कशाचा आहे?