कमावलेले कातडे, कमावलेला हुनर

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी बकरी ईद जूनमध्ये आली. खान्देशातल्या उकाड्यात कुर्बानीचे कातडे काही तासांतच खराब होऊ लागते. पूर्वी मदरशाचे विद्यार्थी घरोघरून कातडी गोळा करत आणि त्यांच्या विक्रीतून मदरशाला चांगला हातभार लागे. आता भाव इतका घसरला आहे की पुष्कळ ठिकाणी ती न्यायला कुणी येत नाही. त्याच ईदला आपण बाजारातून पर्स नाहीतर पट्टा आणतो, तो बहुधा रेक्झिनचा. थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे निघतात.

कातडे ही टाकण्याची वस्तू नव्हे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. मेलेली बकरी पाहून प्रेषितांनी (स.) विचारले की, हिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही? ती मेलेली आहे, असे लोक म्हणाले. तेव्हा, मनाई आहे ती फक्त खाण्याची, असे त्यांनी सांगितले. दबागत केली, म्हणजे कातडे कमावले की ते पाक होते. मराठीत कातडे ‘कमावतात’, उर्दूतही चमडा ‘कमाया’ जातो. दोन्ही भाषांत पैसा मिळवण्यालाही हाच शब्द आहे. मेहनतीशिवाय दोन्ही हाती लागत नाही.

कुर्तुबा ते कोल्हापूर

मुस्लिम राजवटीतल्या अंदलुसमधील कुर्तुबा शहराचे चामडे युरोपभर नावाजलेले होते. इंग्रजीत जोडे बनवणाऱ्याला ‘कॉर्डवेनर’ म्हणत, तो शब्द या शहराच्या नावावरून आला. बकऱ्याच्या मऊ, बारीक पोताच्या चामड्याला ‘मोरोक्को’ हे नाव मिळाले आणि उत्तम ग्रंथांच्या बांधणीसाठी ते वापरले जाऊ लागले. मोरोक्कोतील फास शहरात आजही दगडी हौदांत कातडी कमावली जातात.

आपल्याकडे विहिरीवरची मोट आणि भिश्तीची पखाल चामड्याचीच असे. या दोन्ही गेल्या. टिकली ती कोल्हापुरी चप्पल. ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावायचे, चर्मकारांनी त्याची चप्पल घडवायची, अशी ही जुनी विभागणी. तळ शिवायला चामड्याचीच वादी, खिळा नाही. वर वेणी, बाजूला कान, हवा तर गोंडा. राजर्षी शाहू महाराजांनी या कारागिरीला आश्रय दिला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरातील प्रदर्शनात अगदी तशाच चपला मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने, रचनेची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, हे मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. वस्तू तीच होती, पण कारागिराचे नाव मिळवायला भांडावे लागले.

मुंबईच्या धारावीची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ मुस्लिमांनी तिथे कातडी कमावण्याचे कारखाने काढले. ते कारखाने आता जवळपास उठले; पण पिशव्या, पाकिटे, पट्टे शिवणारे हात अजून तिथेच आहेत.

आपण काय करू शकतो?

कातडे सोलताना सुरीचा चीर पडू देऊ नका. त्याने किंमत उतरते. ते उन्हात न टाकता सावलीत पसरा आणि आतल्या बाजूला लगेच भरपूर जाडे मीठ चोळा. कुर्बानीचे कातडे कमावून स्वतः वापरता येते, नाहीतर दान करता येते. विकले तर ती रक्कम गरजूंची. मोहल्ल्यातली कातडी एकत्र जमवली तर व्यापाऱ्याशी बोलणेही सोपे जाते.

वस्तू घेताना कापलेली कडा पाहा. खऱ्या चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडाचा थर. खरी वस्तू महाग पडते, पण अनेक वर्षे चालते. ती प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, सुती पिशवीत ठेवा.

आणि शिवणारा समोर असेल तर घासाघीस थोडी आवरा. त्या किमतीत त्याची कमाई आहे आणि त्याचा मुलगा हा हुनर शिकेल की नाही, हेही तिच्यावरच ठरते.