यंत्राच्या हाकेला ओ कोण देणार?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भुलीचा उरलेला अंमल व अफूवर्गीय वेदनाशामके यांमुळे श्वास मंदावून रक्तातील प्राणवायू नकळत घटू शकतो. काही तासांच्या अंतराने होणाऱ्या तपासणीत ही घसरण निसटते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावरील पल्स ऑक्सिमीटर आता रुग्णाच्या बोटावर व मनगटावर राहून अहोरात्र नोंद घेऊ शकतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पल्स ऑक्सिमीटरवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. परंतु प्रश्न केवळ किमतीचा नाही. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते. तेव्हा जाणत्या नजरेची गरज राहतेच. २०२३ साली नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्या वेळी औषधांबरोबर मनुष्यबळाच्या तुटवड्याचीही चर्चा झाली. नांदेड असो वा लातूर, मध्यरात्री वाजलेल्या इशाऱ्याला धावून जाणारी परिचारिका नसेल, तर यंत्र केवळ घसरणीची नोंद करील. म्हणून यंत्रखरेदीच्या रकमेशेजारीच परिचारिकांची पदे भरण्याची तरतूदही अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.