शेवटच्या घरचा नळ

विहिरीवर पंप बसला, टेकाडावर जलकुंभ उभा राहिला, नारळ फुटला, आणि तरीही वाडीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या बाईला एक हंडा भरायला पाऊण तास नळाखाली ताटकळावे लागते, हा अनुभव महाराष्ट्रातील ज्या खेड्यांना आला आहे त्यांपैकी बहुतेक ठिकाणी दोष विहिरीला दिला जातो, पावसाला दिला जातो, निवडणूक जवळ आली असेल तर सरपंचांनाही दिला जातो. जमिनीखाली हात-दोन हात पुरलेल्या नळीची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक विहिरीतले पाणी शेवटच्या घरी पोचणार की नाही, याचा निकाल तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात, पाइप विकत घेतेवेळीच, लागून गेलेला असतो.

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “किती इंची?” आणि घोटाळ्याला सुरुवात तेथूनच होते. लोखंडी जी.आय. पाइपाचे माप त्याच्या पोकळीवरून पडलेले आहे, तर पीव्हीसी आणि एचडीपीई या प्लॅस्टिक पाइपांचे माप बाहेरच्या व्यासावरून. त्यामुळे बाजारात ‘दोन इंची’ या एकाच नावाने आतून ५३ मिलिमीटरचा लोखंडी पाइपही विकला जातो आणि बाहेरून ६३ मिलिमीटरचा, पण आतून ५८ मिलिमीटरच्या आसपास भरणारा, पीव्हीसी पाइपही विकला जातो. त्यातही पीव्हीसीचा दाबवर्ग चार किलो, सहा किलो, दहा किलो असा जसजसा चढेल तसतशी भिंत जाड होते आणि, बाहेरचे माप कायम असल्यामुळे, पोकळी आकसते. पाणी तर पोकळीतून वाहते. म्हणून पाइपावरचा छाप वाचून झाल्यावर तोंडाशी फूटपट्टी आडवी धरून आतला व्यास मोजणे हा काही अविश्वास नव्हे.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, ६०० वस्तीची एक वाडी आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे जे प्रमाण धरले आहे, त्याप्रमाणे तिला दिवसाकाठी ३३,००० लिटर पाणी लागेल; विजेचा भरवसा सहा तासांचाच धरला, तर पंपाने सेकंदाला सुमारे दीड लिटर पाणी उचलले पाहिजे. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून जलकुंभाच्या तोंडापर्यंतचा चढ ३५ मीटर आणि पंपापासून जलकुंभापर्यंतच्या ऊर्ध्ववाहिनीची लांबी ८०० मीटर मानू. या ३५ मीटरांतून कोणाचीच सुटका नाही. परंतु पाणी नळीच्या भिंतीशी घासत जाते, त्या घर्षणाचा कर पंपाला आणखी उंची चढल्याप्रमाणे भरावा लागतो, आणि तो किती असावा हे मात्र पूर्णपणे आपल्या निवडीवर अवलंबून असते. ६३ मिलिमीटरच्या पाइपात हा कर सुमारे ६ मीटर पडतो, ५० मिलिमीटरच्या पाइपात १८ मीटर, आणि काटकसर म्हणून ४० मिलिमीटरचा पाइप घातला तर जवळजवळ ६० मीटर! म्हणजे पाणी चढवायचे ३५ मीटर आणि त्यासाठी नुसत्या घासाघाशीत घालवायचे ६०.

ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांनी १९०५ साली जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांच्यामागील सूत्र आजही जगभर वापरले जाते, आणि त्या सूत्राचे मर्म असे की, प्रवाह तेवढाच ठेवला तर व्यास घटेल तसे घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. व्यास निम्मा केला की घर्षण दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सुमारे एकोणतीस पट होते. आपल्या वाडीत ६३ ऐवजी ४० मिलिमीटरचा पाइप घातला तर याचा अर्थ असा होतो की, ज्या कामाला दोन अश्वशक्तीचा पंप पुरला असता तेथे पाच अश्वशक्तीचा पंप घ्यावा लागतो, आणि मोटार-पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर रोज सुमारे बारा युनिटे वीज, म्हणजे वर्षाला चार हजारांहून अधिक युनिटे, नळीच्या भिंतींवर घासून खर्ची पडतात. पाइपाची किंमत एकदाच द्यावी लागते आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. पण अंदाजपत्रकात पाइपाचा रकाना असतो, बिलाचा नसतो, आणि म्हणूनच अरुंद पाइपाला मंजुरी मिळत राहते.

व्यास ठरला की प्रश्न येतो दाबवर्गाचा. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतो. तेव्हा ३५ मीटर चढ आणि ६ मीटर घर्षण मिळून ४१ मीटर, म्हणजे चार किलोंहून किंचित अधिक दाब होईल आणि सहा किलोचा पाइप खुशाल चालेल, असे कागदावर वाटते. परंतु आपल्याकडे वीज पूर्वसूचना देऊन जात नाही. ती गेली की पंप थबकतो, चढावरचा जलस्तंभ क्षणभर तसाच पुढे जातो, मग मागे फिरतो आणि बंद झालेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतो. नळीवर कोणी घण मारावा असा आवाज विहिरीच्या काठावर ऐकू येतो. या जलाघाताचे गणित निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७–९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडले. अशा पीव्हीसी नळीत दाबाची लाट सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने धावते, आणि सेकंदाला एक मीटर वेगाचा प्रवाह एकाएकी थांबला तर सुमारे ४० मीटर उंचीइतका दाब नव्याने उद्भवतो. आपल्या ६३ मिलिमीटरच्या पाइपातला वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या घरात आहे; तेव्हा पंप थांबल्यावर, घर्षण वजा जाऊन, उरलेल्या ३५ मध्ये आणखी २४ मीटर मिळवा, म्हणजे सहा किलोचा पाइप अगदी काठावर येऊन ठेपतो. आठ किंवा दहा किलोचा पाइप ही म्हणूनच चैन नव्हे. ४० मिलिमीटरच्या नळीत वेग दीड मीटरवर जातो आणि तडाखाही त्याच प्रमाणात वाढतो, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

व्हॉल्व्हची निवडही याच लाटेवरून करावी. ८०० मीटर लांब नळीत ती लाट जाऊन परत यायला चार सेकंद लागतात, आणि त्याहून कमी वेळात बंद होणारा कोणताही व्हॉल्व्ह पाण्याच्या दृष्टीने एकदम बंद झाल्यासारखाच असतो. मुठीच्या पाव फेऱ्यात मिटणारा बॉल व्हॉल्व्ह घरच्या नळाला सोयीचा आहे. मुख्य वाहिनीवर मात्र चाक फिरवीत फिरवीत बंद करावा लागणारा गेट व्हॉल्व्ह बसवावा, कारण त्याचा आळशीपणा हाच तेथे त्याचा गुण ठरतो.

नळीत पाण्याचा दुसरा वैरी म्हणजे हवा. ती उंचवट्यावर जाऊन बसते आणि नळीची पोकळी अडवते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावांतून पुण्याच्या हौदांपर्यंत जो नळ आणला गेला, त्याच्या वाटेवर हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. एअर व्हॉल्व्हला इतके समर्पक मराठी नाव असताना आपण ते विसरलो, आणि पुष्कळ योजनांत नावाबरोबर ती वस्तूही विसरलो.

कोणत्या द्रव्याचा पाइप घ्यावा, याला एकच उत्तर नाही. पीव्हीसी स्वस्त व आतून गुळगुळीत असतो, पण ऊन हा त्याचा शत्रू आहे. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या काचपात्रात हे द्रव्य सूर्यप्रकाशानेच घट्ट झाले होते, आणि त्याच सूर्यप्रकाशात पडून राहिले तर ते ठिसूळ होते, हा एक चमत्कारिक योग म्हणायचा. म्हणून हा पाइप पुरून टाकावा. आणि काळ्या जमिनीत, जी पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्याच्याभोवती वाळू किंवा चाळलेला मुरूम घालावा. कातळाच्या, वळणावळणांच्या कोकणी चढावर काळा, निळ्या रेघांचा एचडीपीई बरा: त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असल्यामुळे ऊन त्याला बाधत नाही, आणि वेटोळ्यात येत असल्यामुळे सांधेही कमी पडतात. जी.आय. फक्त उघड्यावर, ओढा ओलांडताना किंवा विहिरीच्या काठाशी वापरावा, आणि तेथेही हलक्या पिवळ्या पट्ट्याचा न घेता मध्यम निळ्या पट्ट्याचा घ्यावा. शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातले पाणी आरोग्यास हितकर, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला. पीव्हीसीतील शिशाच्या संयुगांसंबंधी आपल्या केंद्र सरकारचे नियम २०२१ साली आले. म्हणून जुन्या साठ्यातला, छाप नसलेला पाइप पिण्याच्या पाण्यासाठी स्वस्तातही घेऊ नये.

पाइप सहसा सांध्यातच दगा देतो. कपलर आणायचा राहिला म्हणून पाचटाचा किंवा जुन्या टायरचा जाळ करून, त्यावर पाइपाचे टोक मऊ होईपर्यंत फिरवून, त्यात दुसरा पाइप कोंबणारा कारागीर कोणी पाहिला नाही? पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास लवचिक होते, त्यामुळे ही युक्ती साधते खरी. पण ताणलेल्या जागी भिंत पातळ होते, कोठे कमी तर कोठे जास्त, आणि दाबवर्गाचा छाप त्या वीतभर जागेपुरता खोटा ठरतो. तीच गत आट्यांची. लोखंडी आटे पीव्हीसीच्या पोटात पिळून बसवले की दोन उन्हाळ्यांत पीव्हीसी उभे चिरते. पितळी आट्यांचा एफटीए (आतून आटे असलेला जोड) घ्यावा, किंवा पीव्हीसीचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) लोखंडाच्या पोटात बसवावा. सॉल्व्हंट लावलेला सांधा चोवीस तास वाळू द्यावा, हे डब्यावरच लिहिलेले असते. परंतु उद्घाटनाची तारीख तत्पूर्वीच ठरलेली असते!

आता शेवटच्या घराकडे वळू. पंप सहा तास रमतगमत पाणी चढवतो. गाव मात्र सकाळच्या एका तासात दिवसाचे निम्मे पाणी ओढून घेते. म्हणजे जलकुंभातून निघणाऱ्या वितरणवाहिनीला ऊर्ध्ववाहिनीच्या तिप्पट, सेकंदाला साडेचार लिटरहून अधिक, पाणी वाहावे लागते. तेथेही ‘एकच माप, एकच खरेदी’ म्हणून तोच ६३ मिलिमीटरचा पाइप टाकला, तर दर शंभर मीटरला साडेपाच मीटर उंची घर्षणात जाते, आणि दहा मीटर उंच जलकुंभाची सारी पुण्याई दोनशे मीटरांतच संपते. पहिल्या टप्प्याला ९० मिलिमीटरचा पाइप असेल, तर हीच तूट शंभर मीटरला एक मीटरहूनही कमी होते. पुढे घरे कमी होतील तसे माप उतरवीत न्यावे. हे न केल्याचा परिणाम म्हणजे घरच्या नळालाच जोडलेला छोटा टुल्लू पंप. पाणी येत नाही म्हणून मधली घरे ते लावतात, ते नळी शोषून घेतात, आणि पोकळी झालेल्या नळीत गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी शिरते. जप्ती आणि दंडाने हा रोग हटत नाही, कारण त्याचे मूळ अरुंद नळीत असते.

तेव्हा ज्यांच्या ग्रामपंचायतीपुढे सध्या पाइप-खरेदीचा ठराव असेल त्यांना एवढीच विनंती, की दरपत्रकात ‘फुटाचा दर’ या रकान्याशेजारी ‘शेवटच्या घरी मिनिटाला किती लिटर’ असा आणखी एक रकाना आखून घ्यावा आणि तो भरून देण्याची जबाबदारी अंदाजपत्रक करणाऱ्यावर लेखी टाकावी. तेथे पाच हा आकडा आला, तर पंधरा लिटरचा हंडा तीन मिनिटांत भरतो.