केल्टिक टोळ्यांची नामावळी

इसवी सनापूर्वी 58 मध्ये ज्युलिअस सीझर गॉलच्या, म्हणजे बव्हंशी आजच्या फ्रान्सच्या, मुलुखात उतरला, तेव्हा ज्या केल्टिक टोळ्यांशी त्याची गाठ पडली त्यांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांचे आचार्य, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लेखनात न आणता कंठस्थच ठेवीत, आणि म्हणून हे लोक स्वतःला काय समजत हे जाणण्यास त्यांनी धारण केलेली नावे हे एक महत्त्वाचे साधन ठरते.

ही नावे पुष्कळदा आत्मस्तुतिपर आहेत, आणि केल्टिक व संस्कृत या भाषा एकाच कुळातल्या असल्यामुळे संस्कृताचा संस्कार झालेल्या मराठी कानाला ती सर्वस्वी परकी वाटू नयेत. उत्तर इंग्लंडातील ब्रिगांटेस म्हणजे 'थोर, उच्च' लोक, आपल्या 'बृहत्'चे सगोत्र. आल्प्समधील कातुरिगेस हे 'रणराजे', तर बितुरिगेस हे थेट 'जगाचे राजे', आणि दोहोंतील 'रिग' हा आपल्या 'राजा'चाच भाऊबंद. पेत्रुकोरी म्हणजे 'चार सैन्यांचे', कारण त्यांचा 'पेत्रु' हा आपला 'चतुर्' होय. एकाच देशात इतके सार्वभौम नांदत असल्यावर सीझरला त्यांच्यात फूट पाडणे फारसे जड गेले नाही, यात नवल ते काय!

याहून मनोरंजक जोडी ऱ्होन नदीकाठच्या अलोब्रोगेस आणि नैर्ऋत्येकडील नितिओब्रोगेस यांची आहे. पहिले 'अन्य मुलुखातले', दुसरे 'स्वतःच्या मुलुखातले'. या 'नितिओ'चे नाते वैदिक 'नित्य'शी, म्हणजे 'स्वकीय' या त्याच्या जुन्या अर्थाशी, जुळते. पहिले नाव उघडच शेजाऱ्यांनी दिलेले दिसते, कारण स्वतःला उपरे म्हणवून घेण्याची हौस कोणास असते?

टोळ्या रोमन झाल्या, त्यांची भाषा लोपली, तरी नावे टिकली, याचे श्रेय रोमन दफ्तराला आहे. साम्राज्याच्या उत्तरकाळात गॉलमधील अनेक नगरांचा उल्लेख टोळीच्या नावाने होऊ लागला. बितुरिगेसवरून अवारिकुमचे बूर्ज झाले, तसेच दुरोकोर्तोरुमचे रॅंस झाले, आणि लुतेतिया हे मूळ नाव मागे पडून पारिसी टोळीवरून पॅरिस हे नाव रूढ झाले. या शेवटच्या नावाच्या अर्थाविषयी विद्वानांत आजही वाद आहे. त्यातील एका पक्षाच्या मते जगातील या विलासनगरीचे नाव कढईवाचक शब्दावरून आले आहे.