दोन हातांचा मेळ

दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवा, मुठी वळा आणि फक्त तर्जन्या पुढे काढा. आता दोन्ही तर्जन्या एकाच वेळी उजवीकडे, मग एकाच वेळी डावीकडे अशा हलवा. हळूहळू वेग वाढवीत न्या. एका ठरावीक वेगाला बोटे तुमचे ऐकेनाशी होतील! ती एकदम आत, एकदम बाहेर अशी, वस्तू आणि तिची आरशातील प्रतिमा यांप्रमाणे हलू लागतील. उलट, सुरुवातच या दुसऱ्या चालीने केली, तर वेग कितीही वाढवला तरी ती चाल मोडत नाही.

अमेरिकेतील स्कॉट केल्सो यांनी या प्रयोगाची मोजमापे १९८४ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेर्मान हाकेन आणि बुन्झ यांच्यासह त्यांनी त्याचे गणित मांडले. दोन खळगे असलेल्या जमिनीवर एक गोटी आहे अशी कल्पना करा. एकेक खळगा म्हणजे बोटांची एकेक चाल. वेग वाढला की उथळ खळगा बुजतो आणि गोटी खोल खळग्यात घरंगळते.

मग नवे कौशल्य शिकायचे म्हणजे काय करायचे? नवा खळगा खणायचा! १९९२ साली झानोन आणि केल्सो यांनी काही जणांकडून एक बोट दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे, म्हणजे ९० अंशांच्या कलांतराने, हलवून घेतले. आरंभी बोटे जुन्या खळग्यांकडे ओढली जात. काही दिवसांच्या सरावाने नवी चाल स्थिरावली. पुढे १९९७ साली त्यांनी दाखवले की, मागचे बोट पुढे घेतले तरी न गिरवलेली ती चालही साधते. २००२ सालच्या प्रयोगांत तर हातांनी शिकलेली चाल पायांना आणि पायांनी शिकलेली हातांना जमली!

याचा अर्थ, आपण नुसते स्नायू घोटवीत नाही. दोन अवयवांमधला मेळ शिकतो. म्हणूनच तो एका जोडीकडून दुसरीकडे जाऊ शकतो.

तबला किंवा पेटी शिकणाऱ्या मुलाला घाईने द्रुत लयीत वाजवायला लावले आणि त्याचे हात जुन्या चालीत घसरले, की ‘याचा हातच वळत नाही’ असा शेरा मिळतो. दोष हाताचा नसतो. खळगा अजून पुरेसा खोल झालेला नसतो. लय कमी करा, पुन्हा गिरवा आणि मगच वेग वाढवा.