‘फोटो साभार : गूगल’ हे श्रेय नव्हे

१४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे बॅनर, पत्रके आणि पोस्टची घाई सुरू होते. गूगलवरून फोटो उतरवायचा, मंडळाचे नाव टाकायचे, की काम झाले. फोटो काढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते. फार तर ‘साभार : गूगल’ एवढे लिहितो. पण गूगल फोटो शोधून देते, काढत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती असते. फोटोचे हक्क विकले तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा तिचा अधिकार कलम ५७ नुसार कायम राहतो.

‘फ्री’ फोटो सगळे सारखे नसतात. विकिमीडिया कॉमन्सवरील बरेच फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. परवान्यात ‘बाय’ असेल तर नाव देणे ही अट आहे. ‘एसए’ असेल तर बदललेला फोटोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ म्हणजे फोटोत बदल करून तो प्रसिद्ध करायचा नाही. अनस्प्लॅश आणि पेक्सेल्सवर नाव देण्याची सक्ती नाही, तरीही आपण ते द्यावे. पैसे देऊन घेतलेल्या फोटोच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचाव्यात. वॉटरमार्क कापून फोटो वापरणे म्हणजे सरळ चोरी आहे.

श्रेयात चार गोष्टी लिहा : फोटोचे शीर्षक, छायाचित्रकार, स्रोत आणि परवाना. उदाहरणार्थ, ‘(शीर्षक), फोटो : (छायाचित्रकाराचे नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०’. फोटो कातरला किंवा रंग बदलला असेल तर तेही नमूद करा. पोस्टमध्ये हे कॅप्शनमध्ये येईल, बॅनरवर खालच्या कोपऱ्यात. दुसऱ्या ठिकाणचा फोटो बातमीला लावला तर ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असे लिहा, नाहीतर वाचकांची दिशाभूल होते.

दीक्षाभूमी, चैत्यभूमीवर आपलीच पोरे दिवसभर उन्हात उभी राहून फोटो काढतात. संध्याकाळपर्यंत तेच फोटो शेकडो ग्रुपमध्ये बिननावाने फिरतात. पुढचे काम नावामुळेच मिळते, ते नावच आपण पुसतो. ज्या समाजाच्या श्रमाला पिढ्यान्‌पिढ्या नाव मिळाले नाही, त्याने तरी दुसऱ्याच्या श्रमाचे नाव गाळू नये.

म्हणून पुढचे पोस्टर छापायला देण्याआधी एकच प्रश्न विचारू या : हा फोटो कुणाचा? उत्तर सापडले नाही तर तो फोटो बाजूला ठेवू, वस्तीतल्या कॅमेरा असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला सांगू आणि त्यांचे नाव छापू.