पडद्यावरचे चित्र आणि वहीतील जमा

पूर्वी पेढीवर रक्कम आली की रोजमेळात जमा होई आणि त्या ओळीला मुनीमजींच्या अक्षराची साक्ष असे. आता आरटीजीएसची रक्कम काय किंवा जीएसटीचा भरणा काय, सारे संगणकाच्या पडद्यावर क्षणभर दिसते. बँकेचे संकेतस्थळ तर थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप मिटते. म्हणून पडद्याचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, घेण्याची सवय पेढीवरील प्रत्येकाला असावी.

विंडोज संगणकावर हे काम सोपे आहे. कळफलकाच्या वरच्या बाजूस उजवीकडे ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ बहुधा असते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून ती दाबली, की संपूर्ण पडद्याचे चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये जतन होते. ‘ऑल्ट’सह तीच कळ दाबल्यास फक्त समोरच्या चौकटीचे चित्र मिळते, ते ‘पेंट’मध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’ दाबून उतरवावे व जतन करावे. विंडोज, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ एकत्र दाबले तर हवा तेवढाच भाग निवडता येतो. व्यवहाराच्या नोंदीसाठी मात्र मी पूर्ण पडद्याचाच आग्रह धरीन. त्यात खालची तारीख-वेळ आणि वरचा संकेतस्थळाचा पत्ता, दोन्ही येतात. चित्राला आपोआप मिळणारे क्रमांकाचे नाव बदलून पार्टीचे नाव व तारीख घालावी, अन्यथा मार्चअखेरीस शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

खरा प्रश्न आहे तो समोरचा व्यापारी पाठवतो त्या चित्राचा. ‘पैसे टाकले, माल सोडा,’ असा निरोप येतो आणि सोबत स्क्रीनशॉट. असे चित्र बदलणे कठीण नाही; चित्र घेण्याआधी पानावरील आकडाच बदलता येतो. आणि पाठवणारा प्रामाणिक असला तरी त्याचे चित्र त्याच्या खात्याची गोष्ट सांगते, आपल्या नव्हे. एनईएफटीचे व्यवहार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मिटवले जातात. त्याच्याकडे नावे पडलेली रक्कम आपल्याकडे जमा होण्यास अवधी लागतो. तेव्हा चित्रातील यूटीआर क्रमांक घ्यावा, आपल्या खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहावा आणि मगच गाडी भरावी. वीस वर्षांच्या संबंधातला माणूस यावर रागावला, तर रागावू द्यावे.

वाद न्यायालयात गेलाच, तर नुसते चित्र पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार संगणकीय नोंदीची प्रत पुराव्यात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. बँकेच्या नोंदींसाठी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 खालील प्रमाणित उतारा मागावा. त्याचे वजन आपल्या चित्रापेक्षा अधिक. तरीही मूळ चित्र संगणकातून पुसू नये. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत मुळाबरहुकूम राहत नाही, आणि कुटुंबाच्या समूहात असे चित्र टाकले तर खाते क्रमांक व शिल्लकही सर्वांपुढे जाते.